सदतीस अंशांचं ऊन

खारघर, नवी मुंबई
चैत्र पौर्णिमा

ती. मामास,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही हसलात. "सदतीसले लाट म्हन्ता काय बापा?" यवतमाळला पारा ४४ वर गेला तरी तुम्ही डोक्याला दुपट्टा बांधून, खिशात कांदा टाकून वावरात जाता. आणि तुमची भाची ३७ अंशांसाठी रात्री आठ वाजता फोन घेऊन बसते, लोकांना उन्हाच्या इशाऱ्याचे निरोप धाडते. तेव्हा घाईत मला नीट सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

तुमच्याकडचं ऊन कोरडं. घाम आला की उडतो आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. इथे खाडी उशाशी. हवाच ओलसर, घाम उडत नाही, नुसता ओघळतो. माणूस भिजतो पण निवत नाही. म्हणून तर हवामान खातं मैदानी भागात ४० अंशांच्या खाली उष्णतेच्या लाटेचा विचार करत नाही, पण किनाऱ्यावर ३७ लाच करतं, तापमान नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी चढलेलं असेल तर. दुपारी समुद्रावरून खारे वारे आले की पारा थबकतो. मार्च-एप्रिलमध्ये कधी कधी पूर्वेकडून, जमिनीवरून वारा जोर धरतो आणि खाऱ्या वाऱ्यांना वाटेत अडवतो. ते दिवस वाईट. आम्ही रोज संध्याकाळी कुलाब्याच्या हवामान केंद्राचा अंदाज बघतो तो त्यासाठीच.

मामा, १६ एप्रिल २०२३ तुम्हालाही आठवत असेल. महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा आमच्या खारघरच्या मैदानावर झाला. लाखोंनी माणसं आली होती, कित्येक जण आदल्या दिवसापासून. सत्कारमूर्तींवरच्या श्रद्धेने आलेली, शिस्तीने बसलेली माणसं. सकाळ उलटून दुपार झाली तरी डोक्यावर छप्पर नव्हतं. उष्माघाताने १४ जण गेले. आणि पारा किती होता? ३८ च्या आसपास. तुमच्या गावात ज्या उन्हाला कुणी ऊन म्हणणार नाही, तेवढंच. नंतर काही दिवसांतच सरकारने त्या उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम घ्यायला बंदी केली. मला मात्र आजही वाटतं, त्या गर्दीत शेजारच्याला "तुम्ही उठा, सावलीला चला" असं म्हणणारा ओळखीचा आवाज हवा होता. भक्तिभावाने बसलेला माणूस आपणहून उठत नाही. त्याला कुणीतरी उठवावं लागतं.

निरोप पाठवण्याचं आमचं काम तिथून सुरू झालं. आम्ही नऊ जण. एक निवृत्त परिचारिका आहेत, दोन कॉलेजची मुलं, एक रिक्षावाले दादा, बाकी आम्ही गृहिणी. पहिल्या वर्षी आम्ही सकाळी नऊला निरोप पाठवायचो आणि समाधानाने चहा प्यायचो. पण नाक्यावरचा मजूर तोवर कामावर चढलेला असतो. घरकामाला जाणाऱ्या ताईंचं तिसरं घर चालू असतं. म्हणून आता निरोप आदल्या रात्री जातो, आणि त्यात अंशांचा आकडा शेवटी असतो. आधी असतं ते असं: उद्या अकरा ते चार स्लॅबवर काम नको, पाण्याचे माठ कुठे भरून ठेवलेत, सावली कुठल्या देवळाच्या ओट्यावर आहे. प्रत्येक निरोपावर तारीख असते. तारखेशिवायचा निरोप फिरत फिरत पुढच्या वर्षी परत येतो आणि लोकांना उगाच घाबरवतो.

असाच एक निरोप दर उन्हाळ्यात हमखास फिरतो: उन्हातून आलेल्याला गार पाणी लावू नका, शिरा फुटतात. मामा, याने जीव जातील. ऊन लागून माणूस बरळायला लागला, अंग तापून लाल झालं, तर मिनिटभरही थांबायचं नाही. सावलीत घ्यायचं, कपडे सैल करायचे, अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा, मानेला, काखेत, जांघेत बर्फ ठेवायचा आणि १०८ ला फोन करायचा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. आमच्या परिचारिकाबाई आणखी एक सांगतात: अंग कोरडं असेल तरच ऊन लागलंय, असं समजू नका. कष्टाचं काम करणाऱ्याला घाम गळत असतानाही उष्माघात होतो. हे वाक्य मी प्रत्येक निरोपात घालते.

एवढं करूनही मागच्या वर्षी एक चूक झाली. शेजारी इमारतीचं काम चालू होतं. तिथल्या वॉचमनकाकांची केबिन पत्र्याची. आमचा निरोप त्या भागात शे-दोनशे फोनवर पोहोचला होता. काकांचा फोन साधा, बटणांचा. त्यांच्याकडे काहीच पोहोचलं नाही. दुपारी भाजीवाल्या मावशींना ते केबिनच्या दारात बसलेले दिसले, नाव विचारलं तर सांगता येईना. मावशींनी बादलीभर पाणी ओतलं आणि आरडाओरडा केला, म्हणून काका वाचले. तेव्हापासून ज्यांच्याकडे नुसता साधा फोन आहे त्यांची यादी आम्ही वहीत ठेवतो आणि प्रत्येक घराला, प्रत्येक केबिनला एक माणूस वाटून दिलाय. तो जाऊन दार वाजवतो. आजी अक्षय्य तृतीयेला भरलेली घागर द्यायची ना, ती दारात जाऊन, हातात द्यायची. मला आता तिचं ते जाणं जास्त आठवतं.

आता मुख्य काम. आमच्या नाक्यावर सकाळी कामासाठी जे मजूर उभे राहतात त्यांत यवतमाळ, वाशीमकडचे बरेच आहेत. मी त्यांना ३७ अंश म्हणाले की ते अगदी तुमच्यासारखे हसतात. "ताई, आमी पंचेचाळीसमधले मानसं." माझं शहरी मराठी त्यांना मास्तरीण बोलल्यासारखं वाटतं. तुमचं वाटणार नाही. तर मामा, मिनिटभराचं बोलणं रेकॉर्ड करून पाठवा. सालदाराशी बोलता तसंच, आपल्या वऱ्हाडीत. इथलं ऊन आपल्या उन्हासारखं नाही, घाम वाळत नाही, बारानंतर सावली धरा, मीठ-साखरेचं पाणी सोबत ठेवा, आणि सोबती बरळायला लागला तर त्याच्यावर पाणी ओता. एवढंच. रविवारच्या आत आलं तर बरं, सोमवारपासून वारा पूर्वेचा आहे म्हणतात.

मामींना नमस्कार.

तुमची भाची