माळवदाच्या तुळया

आमच्या शिरूर अनंतपाळच्या घरापुढे उन्हाळ्याच्या सायंकाळी बसण्यासाठी फळ्यांचा एक उघडा ओटा करावा, असे यंदा आमच्या मनाने घेतले. फरशी घालून प्रश्न मिटला असता. परंतु वैशाखातली फरशी रात्री उशिरापर्यंत तापलेली असते, हा अनुभव जुना आहे. फळ्याच घालायच्या, तर त्या कोणत्या? गोठ्यात रचून ठेवलेल्या सागवानी तुळया चिरून घ्याव्यात, की कॉम्पोझिटच्या तयार फळ्या आणाव्यात? दुसऱ्या एखाद्या घरी याचा निकाल तासाभरात लागला असता. आमच्या तुळया मात्र माळवदाच्या आहेत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी काय घडले, हे या भागातील वाचकांना सांगणे नलगे. आमचे गाव तेव्हा निलंगा तालुक्यात होते. आमच्या घराची एक भिंत तडकली, एवढ्यावरच निभावले. तिकडे किल्लारी, सास्तूर भागात हजारो माणसे स्वतःच्याच घरांखाली गाडली गेली आणि या मुलखाने माळवदाची धास्ती घेतली. घरोघरी पत्रे आले, मागाहून स्लॅब आले. आमच्या मातोश्री त्या पहाटेनंतर एकदाही माळवदाखाली निजल्या नाहीत; शेवटी ते उतरवावेच लागले. ओट्याला त्याच तुळया वापरण्याचा विषय निघताच त्या म्हणाल्या, "ते लाकूड पुन्हा घराला लावू नका."

त्यांच्यापुढे वाद घालणे आम्हांस शोभत नव्हते. तरीही आमचे मत असे, की त्या अनर्थात लाकडावर फुकाचा आळ आला. माळवदावर पांढऱ्या मातीचा जाड थर असे. पावसाळ्यापूर्वी गळती थांबविण्यासाठी त्यावर आणखी माती पडे आणि पिढ्यान्‌पिढ्या ओझे वाढत जाई. भिंती दोन-तीन हात रुंद, पण गोट्यांच्या आणि चिखलात रचलेल्या; आतला व बाहेरचा थर सांधणारे लांब दगड त्यांत क्वचितच. त्या भिंती फुटल्या आणि त्यांनी माणसे घेतली. जेथे छत खांब-तुळयांच्या खणांवर उभे होते, तेथे भिंती ढासळूनही लाकडी सांगाडा ताठ राहिल्याचे पुष्कळ ठिकाणी दिसले. पुढे जुनी घरे मजबूत करताना तज्ज्ञांनी सांगितले ते हेच: छतावरची माती कमी करा, खांब आणि तुळई यांच्या सांध्याला तिरके आधार द्या. लाकूड काढून टाका, असे त्यांनी म्हटले नाही.

कॉम्पोझिटची बाजूही आम्ही ऐकून घेतली. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र वितळवून या फळ्या काढतात. वाळवीला त्यांत फारसे खाद्य नाही, दरसाल तेल लावण्याची यातायात नाही, कूस टोचत नाही. समुद्रकाठच्या दमट हवेत आम्ही राहत असतो, तर कदाचित त्याच घेतल्या असत्या. लाकूड ओलाव्याने रुंदीत फुगते. कॉम्पोझिट मुख्यतः उन्हाने लांबीत वाढते. आमच्याकडे ओल चार महिन्यांची, तीही पाऊस मेहेरबान झाला तर. ऊन मात्र हक्काचे! गडद रंगाच्या कॉम्पोझिटवर मे महिन्याच्या दुपारी अनवाणी पाय ठेवून पाहावा. शिवाय ती फळी आधाराविना फार अंतर पेलत नाही, खाली जवळजवळ आडव्या पट्ट्या द्याव्या लागतात. आणि झिजली, तर रंधा मारून नवी करता येत नाही.

हे सारे मातोश्रींनी शांतपणे ऐकले. खांब नि तुळयांचे बोलणे त्यांना पटले की नाही, कोण जाणे. "वर छप्पर करणार आहात का?" एवढेच त्यांनी विचारले. नाही म्हटल्यावर, लिंबाची सावली पुरेल म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. ती संमती आहे, असे आम्ही धरले आहे.

सुताराने तुळया ठोकून पाहिल्या. दोन वाळवीने आतून पोकळ केल्या आहेत, उरलेल्यांचा गाभा खणखणीत आहे. बाहेरचे पांढरे लाकूड आणि जुने खिळे काढून टाकायचे, खालच्या कड्या मातीला न टेकवता घडीव दगडांवर ठेवायच्या, दोन फळ्यांमध्ये पाणी निथळेल इतकी फट सोडायची आणि पावसाळ्यापूर्वी जवसाचे तेल द्यायचे, असे ठरले आहे. पायरी तेवढी एकच आणि बुटकी करावी, अशी मातोश्रींची सूचना काल आली.