हरवलेला निरोप

चेलो हे वाद्य खुर्चीवर बसून, गुडघ्यांमध्ये धरून वाजवतात. डाव्या हाताची बोटे तारांवर स्वर शोधतात आणि उजव्या हातातील गज त्या स्वरांना श्वास पुरवतो. तार किती दाबावी, गजाचा भार किती ठेवावा, हे डोळे सांगत नाहीत. ते हातालाच उमगते. जॅकलिन द्यु प्रे या इंग्लिश वादिकेच्या हातांना ही जाण बालपणीच लाभली होती. १९६५ साली, अवघ्या विसाव्या वर्षी, तिने एल्गारच्या चेलो-रचनेचे ध्वनिमुद्रण केले आणि तिचे नाव जगभर पोहोचले.

१९७१ च्या सुमारास मात्र तिच्या बोटांतील संवेदना मंदावू लागली. फेब्रुवारी १९७३ मध्ये लंडनला तिने तीच रचना पुन्हा वाजवली. वाद्यवृंदाचे संचालन मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता करत होते. त्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये तिला वाद्याची पेटी उघडणेही जड गेले. गजाचे वजन जाणवेना. बोटे तारेवर नेमकी कोठे आहेत, हे तिला डोळ्यांनी पाहावे लागले. ठरलेल्या चार कार्यक्रमांपैकी तीन तिने निभावले; चौथा रद्द केला. ऑक्टोबरमध्ये निदान झाले : मल्टिपल स्क्लेरोसिस. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती.

दोष हातांचा नव्हताच. मेंदू आणि मेरुरज्जू यांतील मज्जातंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध वेष्टण असते. त्यामुळे संदेश वेगाने धावतात. या आजारात शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारयंत्रणाच त्या वेष्टणावर हल्ला चढवते. कुंपणच शेत खाऊ लागते. मग संदेश रेंगाळतात, अडखळतात, कधी पोहोचतच नाहीत. कोणाची दृष्टी अंधुक होते, कोणाचा तोल जातो, कोणाला विलक्षण थकवा येतो.

हा आजार बहुधा लपंडाव खेळत येतो. काही दिवसांनी वा आठवड्यांनी लक्षणे ओसरतात आणि दुखणे टळले, असे वाटते. वेष्टण थोडेफार सांधलेले असते, मेंदूनेही आडवाटा शोधलेल्या असतात. पण प्रत्येक डागडुजी पूर्ण होतेच असे नाही. जागोजागी कठीण व्रण उरतात; १८६८ मध्ये पॅरिसचे डॉक्टर शार्को यांनी या व्रणांवरूनच आजाराला नाव दिले. वर्षे लोटतात तसे केवळ वेष्टणच नव्हे, तर आतील तंतूही झिजून नष्ट होतात. तुटलेला तंतू पुन्हा जुळत नाही. मेंदूजवळची शिल्लक सरत जाते आणि अनेकांच्या बाबतीत अपंगत्व हळूहळू वाढते. मात्र प्रत्येकाची वाटचाल निराळी असते.

जॅकलिनच्या काळी या ऱ्हासाला आवर घालणारे औषध नव्हते. १९९३ पासून अशी औषधे येऊ लागली. ती आजार समूळ बरा करत नाहीत. पण वेळीच सुरू केल्यास हल्ले कमी होतात आणि मज्जातंतूंची हानी लांबवता येते. म्हणूनच बोटांचा बधिरपणा किंवा अचानक आलेला दृष्टिदोष आपोआप ओसरला, तरी तो डॉक्टरांच्या कानावर घालणे हिताचे असते.

१९ ऑक्टोबर १९८७ रोजी, बेचाळिसाव्या वर्षी, जॅकलिनचे निधन झाले. वाद्य हातातून सुटल्यावरही तिने चाकांच्या खुर्चीत बसून विद्यार्थ्यांना शिकवले. मनातला स्वर तिच्या स्वतःच्या बोटांपर्यंत पोहोचत नव्हता. शब्दांच्या वाटेने तो तिने दुसऱ्यांच्या बोटांपर्यंत पोहोचवला.