मंडई, तुळशीबाग आणि घरखर्च

घरखर्चाची रीति कशी पालटत गेली, हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं पुण्याच्या मंडईपासून तुळशीबागेपर्यंत एकदां सावकाश चालत जावें. मंडईची इमारत १८८६ सालीं उघडली, तेव्हां गव्हर्नरांच्या नांवावरून तिला रे मार्केट म्हणत. पुढें तिला महात्मा फुले यांचें नांव मिळालें. जवळच पेशवाईंतील नारो आप्पाजी खिरे यांनीं बांधलेलें तुळशीबागेचें राममंदिर आहे.

पूर्वीं गृहस्थाचा मोठा खर्च उन्हाळ्यांत होई. वर्षाचे गहूं, तांदूळ, डाळी भरावयाच्या, ऊन द्यावयाचें, कडुलिंबाचा पाला घालून ठेवावयाचें, ही बेगमी. तांब्यापितळेचीं भांडीं घेतलीं कीं त्यांवर नांव घालीत व तीं दोन पिढ्या चालत; मोडीलाहि किंमत येई. पुढें स्टेनलेस स्टील आलें आणि कल्हईवाल्याची हांक विरळ झाली.

सरकारी पाहणीचे आंकडे बोलके आहेत. १९९९-२००० सालीं शंभर रुपये खर्चांपैकीं अन्नावर खेड्यांत सुमारें ५९ व शहरांत ४८ रुपये जात; २०२२-२३ सालीं तेच अनुक्रमें ४६ व ३९ झाले. उत्पन्न वाढलें कीं अन्नाचा वांटा घटतो, हें अर्न्स्ट एंगेल या जर्मन पंडितानें १८५७ सालींच दाखविलें होतें. धान्याचा वांटा तर फारच उतरला. उलट शहरांत शंभरांतले दहाहून अधिक रुपये पेयें व तयार खाद्यें यांवर जातात.

यावरून जुनें तें सोनें म्हणून हळहळणें आम्हांस पटत नाहीं. त्या बेगमीमागें निवडणें, दळणें, वाळविणें हे गृहिणीचे श्रम होते आणि ते कोणत्याहि वहींत जमा होत नसत. वहीहि वडीलधाऱ्यांच्याच हातीं. राबणारीस विचारतो कोण?

आतां ती स्वतः मिळवते व स्वतः खर्च करते, हें इष्टच झालें. मात्र २०१६ पासून यूपीआय आल्यावर पैसा हातांतून जातांना दिसेनासा झाला, आणि हप्त्यानें घेतलेल्या वस्तूची किंमत महिन्यामहिन्यांत विरून जाते. पूर्वींच्या घरांत हिशेब होता, पण सर्वांस बोलण्याची मुभा नव्हती. आज मुभा आहे, तर हिशेब नाहीं. म्हणून वाचकांस आमचें सांगणें इतकेंच कीं, महिनाअखेर एक संध्याकाळ जमाखर्चाची वही मध्यें ठेवून सासू, सून, मुलें सर्वांनीं एकत्र बसावें, आणि पुढच्या महिन्याचा पहिला आंकडा सुनेनें सांगावा.