मोठा कटर घेण्याआधी

झाड कापण्याच्या पेट्रोलच्या यंत्राला दुकानदार चेनसॉ म्हणतो. आमच्या वाडीत त्याला सगळे कटरच म्हणतात, म्हणून मीही कटरच म्हणतो. तुमच्या घरी लहान कटर असेल आणि आता याहून ताकदीचा घ्यावा असे मनात घोळत असेल, तर आमच्या घरची ही हकीगत वाचा आणि मगच पैसे मोजा.

आमचे गाव दापोली तालुक्यात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि दुपार टळायच्या आत वडिलांनी लावलेल्या हापूसच्या बागेतली अकरा झाडे आडवी झाली. काही मोडली, काही मुळांसकट उपटली. बुंधे दोन-अडीच फुटांचे. घरात कटर होता, पण तो छाटणीसाठी घेतलेला, ३८ सीसीचा, १६ इंची पट्टीचा. पंचनामा होईपर्यंत झाडांना हात लावला नाही. नंतर कापायला घेतली तेव्हा लहान फांद्यांवर यंत्र बरे चालले, पण बुंध्यावर टेकवले की रडायला लागे. एका छेदाला पंधरा मिनिटे, आणि दोन छेद झाले की तापून बंद. वर पाऊस सुरू झालेला. आंब्याचे लाकूड ओले पडून राहिले की त्याला कीड लागायला वेळ लागत नाही. रोज सकाळी त्या ओंडक्यांकडे बघून जीव तुटायचा.

मग जे कुणीही करील तेच आम्ही केले. पलीकडच्या वाडीतून एकाचा मोठा कटर मागून आणला. ताकद दांडगी, पण पुढच्या हातासमोर जी ढाल असते ती तुटलेली आणि तारेने बांधलेली. ती ढाल म्हणजेच साखळी थांबवणाऱ्या ब्रेकचा दांडा असतो, हे तेव्हा आमच्या गावीही नव्हते. हात वाचवायचे पत्र्यासारखे काहीतरी असेल असे वाटले. दुसऱ्या दिवशी पुतण्या एक फांदी कापत होता. पट्टीचे टोक मागच्या दुसऱ्या फांदीला लागले, आणि यंत्र त्याच्या हातातून वर उसळले ते खाली येताना डाव्या मांडीवर आले. नऊ टाके पडले. रस्त्यावर अजून झाडे पडलेली असल्याने त्याला मोटारसायकलवर मध्ये धरून न्यावे लागले. आणखी दोन बोटे खोल गेले असते तर काय झाले असते, ते डॉक्टरांनी सांगितले. मी ते इथे लिहीत नाही.

ही उसळी समजून घ्या. पट्टीच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला लागला की साखळीचे दाते कापत नाहीत, अडकतात, आणि यंत्राचा सगळा जोर पट्टीला उलटी वर फेकतो. डोळ्याचे पाते लवायच्या आत हे होते. इंजिन जितके जबर तितकी उसळी जबर. म्हणून ताकद वाढवायची तर ब्रेक आधी पाहावा लागतो.

वहिनी चार दिवस काही बोलल्या नाहीत. मग एका रात्री म्हणाल्या, “भाऊजी, लाकूड कुजलं तर कुजू दे. आता घरात ते यंत्र नको.” त्यांचे चुकले असे मी कसे म्हणू? पण अकरा झाडे तशीच पडली तर खालची जमीन अडकते, नवी कलमे लावता येत नाहीत, आणि मजूर लावून कुऱ्हाडीने तोडायचे तर तेवढा पैसा हातात नव्हता. शेवटी त्या म्हणाल्या, “घ्यायचंच असेल तर मी बरोबर येते.”

टाळेबंदी थोडी सैल झाल्यावर आम्ही तालुक्याला गेलो. जाताना जुना कटर बरोबर घेतला, तो विकून थोडे पैसे सुटावेत म्हणून. दुकानातल्या मिस्त्रीने साखळीवर बोट फिरवले आणि विचारले, “भुसा कसा पडतो? पिठासारखा की कपच्यांसारखा?” पिठासारखा, मी म्हटले. त्याने काही न बोलता गोल कानस घेतली, प्रत्येक दात्याला आतून बाहेर, एकाच कोनात, मोजून पाच-पाच हात मारले, दात्यापुढचा बुटका उंचवटा सपाट कानशीने किंचित उतरवला आणि मागच्या अंगणातल्या ओंडक्यावर कटर टेकवला. कपच्या उडाल्या. आमचाच कटर होता तो! मला खरोखर लाज वाटली. दोन पावसाळे आम्ही त्या साखळीला कानस लावली नव्हती आणि दोष इंजिनाला देत होतो.

तेव्हा नवीन यंत्र घेण्याआधी हे करून बघा. दर दोन-तीन टाक्या पेट्रोल संपले की कानस मारायची. दगडाला किंवा मातीला साखळी लागली तर लगेच. कानस साखळीच्या मापाचीच हवी, जाड-बारीक चालत नाही. आणि पट्टीला तेल स्वच्छ घाला. गाडीचे जळके काळे तेल घालायची आपल्याकडे सवय आहे, पण त्यातली कच पट्टीची खाच आणि तेलाचा पंप दोन्ही खाते.

मग मोठा घेतलाच का? तर धार लावूनही अडीच फुटांच्या ओल्या बुंध्यात पूर्ण पट्टी बुडाली की ३८ सीसीचे इंजिन दमते. छेद पंधरा मिनिटांवरून पाचावर आला, पण असे छेद शंभरावर घ्यायचे होते. लांबी मात्र कमी पडत नव्हती, हे ध्यानात घ्या. १६ इंची पट्टी दोन्ही बाजूंनी चालवली तर अडीच फुटांचा बुंधा निघतो. कमी होती ती ओढ. दुकानात एक स्वस्त यंत्र होते, वर ५८ सीसी लिहिलेले आणि २२ इंची पट्टी लावलेली. दिसायला भारी. पण पट्टी लांब म्हणजे लाकडात एका वेळी दाते जास्त, आणि ते सगळे ओढायचे इंजिनालाच. मिस्त्रीने पुस्तिका उघडून सीसीऐवजी किलोवॅटचा आकडा दाखवला. एक किलोवॅट म्हणजे साधारण एक आणि एक तृतीयांश अश्वशक्ती. आमचा जुना जेमतेम दीड किलोवॅटचा. त्या स्वस्त यंत्राच्या पुस्तिकेत हा आकडाच नव्हता.

राहिले दोन. एक ६० सीसीचा, तीन किलोवॅटच्या वरचा, १८ इंची पट्टीचा. दुसरा ७२ सीसीचा. माझे मन दुसऱ्यावर बसले होते, कारण एकदाच घ्यायचा तर मोठाच घ्यावा, अशी आपली शेतकऱ्याची बुद्धी. वहिनींनी तो दोन्ही हातांनी उचलला, छातीपर्यंत नेला आणि खाली ठेवला. “हा मला दोन मिनिटं धरवत नाही. पोरानं दिवसभर कसा धरायचा?” पट्टी आणि पेट्रोल धरून तो आठ किलोच्या वर जात होता. हात दमला की पट्टीचे टोक खाली-वर होते, आणि टोक कुठे लागले की काय होते ते आमच्या घरात सांगावे लागत नव्हते. ६० सीसीचा घेतला. घेण्याआधी वहिनींनी मिस्त्रीला तो सुरू करायला लावून ब्रेकची ढाल पुढे ढकलायला सांगितली. साखळी जागच्या जागी थांबली. तीनदा करून दाखवायला लावले. सुटे भाग तालुक्यातच मिळतात ना, हे मी विचारले. माझ्या वाट्याला तेवढेच राहिले होते. उरलेल्या पैशांत डोळ्यांचा चष्मा, डोक्याचे टोप आणि पायाला बांधायचे जाड आवरण घेतले. त्या आवरणातले लांब तंतू साखळीत गुंतून ती थांबवतात.

पेट्रोलमध्ये तेल किती घालायचे ते पुस्तिकेत पाहून घाला, शेजाऱ्याचे प्रमाण घेऊ नका. आमच्या नव्याला लिटरला २० मिलिलिटर लागते, जुन्याला ४० लागत होते. डबे वेगळे ठेवले आणि वर रंगाने लिहिले.

आता वादळात पडलेल्या झाडाचे सांगतो. उभे झाड तोडण्यापेक्षा हे अवघड. मुळांसकट उपटलेल्या झाडाचा बुंधा कापून भार सुटला, की मुळांचा गड्डा झटक्याने परत खड्ड्यात बसतो. तिथे मूल खेळत असेल, माणूस उभा असेल तर संपलेच. ओंडका दोन टोकांवर टेकलेला असेल तर वरची बाजू दाबलेली असते. वरून सरळ कापत गेलात तर पट्टी चिमट्यात सापडते. म्हणून वरून एक तृतीयांश कापा आणि बाकीचे खालून. एक टोक लोंबत असेल तर उलट करा, आधी थोडे खालून आणि मग वरून. पाचरी बरोबर ठेवा. आणि आंबा, फणस, साग, ऐन अशी झाडे १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. उभे झाड पाडायचे किंवा लाकूड वाहून न्यायचे असेल तर परवानगी आधी घ्या.

नवा कटर आल्यावर तोच छेद दोन मिनिटांत होऊ लागला. दिवाळीपर्यंत अकराही झाडे निघाली. थोड्या ओंडक्यांच्या फळ्या झाल्या, बाकीचे चुलीला गेले. २०२१ च्या पावसाळ्यात तिथे नवी कलमे लावली. जुना कटर विकला नाही, छाटणीला तोच हाती येतो.

पुतण्या पहिले दोन महिने कटरला शिवला नाही. मग एक दिवस पडवीत बसून आपणहून साखळीला कानस मारू लागला, आणि आता हे काम त्याचेच आहे. वहिनी मात्र अजूनही बागेतून यंत्राचा आवाज आला की हातातले काम टाकून मागीलदारी येतात आणि आवाज थांबेपर्यंत तिथेच उभ्या राहतात.