टास्क सोडला, हँडल कुणाकडे?

'तू बघून घे ना यार!' हे वाक्य ऑफिसात दिवसातून किती वेळा कानावर पडतं, मोजलंय कधी? मी रस्ट नावाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहितो. त्यामुळे कुणी 'बघून घे' म्हणालं, की मला हमखास 'स्पॉन' आठवतं.

घाबरू नका, फार टेक्निकल होणार नाही. रस्टची १.० आवृत्ती २०१५ साली आली, आणि तिच्यात असिंक-अवेट आलं २०१९च्या नोव्हेंबरात. असिंक म्हणजे काय, तर एक काम कुणाच्या उत्तरासाठी अडलं की हातावर हात ठेवून बसायचं नाही, तेवढ्यात दुसरं उरकायचं. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत आपण कणीक मळून घेतो ना, तस्सं! पण रस्टमधलं असं काम भारी आळशी. नुसतं बोलावलं तर ढिम्म हलत नाही. एक तर ते होईपर्यंत तुम्ही थांबायचं, म्हणजे अवेट. नाही तर ते स्पॉन करायचं. टोकिओ ही त्यासाठीची लोकप्रिय लायब्ररी. तिच्याकडे टास्क दिला, की तो आपल्या वाटेने धावू लागतो आणि तुमच्या हातात येतं एक हँडल. कुरिअरची पावतीच समजा.

टास्क देताना रस्ट भयंकर कडक. तो तुमच्यापेक्षा जास्त वेळ चालू शकतो, म्हणून तुमच्याजवळची वस्तू त्याला उसनी द्यायची नाही. लागेल ते त्याच्या मालकीचं करा, नाही तर दोघांच्या सामाईक मालकीचं ठेवा. आणि आपल्याकडे? माहिती अर्धी दिलेली, पासवर्ड आपल्यापाशी आणि आपण गोव्याला!

एवढी कडक भाषा एका ठिकाणी मात्र गप्प बसते. ती पावती तुम्ही फेकून दिलीत, तरी कम्पायलर हूं की चूं करत नाही. टास्क चालूच राहतो. शेवटी तो 'जमलं नाही' असं उत्तर घेऊन आला, तर ते ऐकायला कुणीच नसतं. मुख्य प्रोग्रॅमच आटोपला, तर टास्क अर्ध्यावरच संपतो.

मध्यंतरी एका क्लायंटची सिस्टीम आमच्या टीमकडे दुरुस्तीला आली. लॅबचा रिपोर्ट तयार झाला की पेशंटला मेसेज पाठवणं, एवढंच तिचं काम. प्रत्येक मेसेज स्पॉन केलेला, हँडल एकाचंही ठेवलेलं नाही. स्क्रीनवर सगळं हिरवंगार! आणि एक आजोबा चार दिवस मोबाइल हातात धरून बसलेले. काही वाईट निघालं म्हणून तर कळवत नसतील, या भीतीने त्यांना विचारायचाही धीर होईना. त्यांच्या सुनेने तक्रारीत हे लिहिलं होतं. ते वाचून मी आधी गावी बाबांना फोन लावला.

मग कामाला लागलो. टोकिओत 'जॉइनसेट' म्हणून सोय आहे, तिच्यात सगळे टास्क एकत्र ठेवले. एकेकाचा निकाल विचारायचा, फसला तर पुन्हा पाठवायचा, आणि उरलेले आटोपल्याशिवाय दुकान बंद करायचं नाही. कोड वाढला जेमतेम वीसेक ओळींनी.

परवा टीममधल्या नव्या मुलीला एक काम दिलं. वर लगेच सांगितलं, "गुरुवारी चारला मी स्वतः विचारायला येईन."

ती हसली. "हँडल ठेवलंस वाटतं!"

ठेवायचंच बॉस! दोघांनाही निवांत झोप लागते.