महूचा राखणदार

शाळेच्या मैदानावर मुले संघ पाडू लागली, की एक गोष्ट हमखास घडते. जो तो पुढच्या फळीत जाऊ पाहतो, आणि उरलेला, बहुधा अबोल किंवा अंगाने स्थूल असा मुलगा गोलात उभा केला जातो. गोल करणे हा पराक्रम आणि गोल अडविणे ही नुसती चाकरी, ही समजूत बालवयातच मनात मुरते. ती खोडून काढायला शंकर लक्ष्मण यांच्यासारखे दुसरे उदाहरण नाही. खेद एवढाच, की आमच्या धामनोदहून घाट चढून गेले की लागणाऱ्या महूच्या या गोलरक्षकाचे नाव आज आमच्याच मुलांना ठाऊक नसते.

त्यांचा जन्म ७ जुलै १९३३ रोजी महूला झाला. आरंभी ते फुटबॉल खेळत. हॉकीची गोडी मागाहून लागली. कोवळ्या वयातच ते सैन्यात शिरले आणि मराठा लाइट इन्फंट्रीचे झाले. जन्माने ते मराठी नव्हते. परंतु शिवछत्रपतींच्या जयजयकाराने जी पलटण शत्रूवर चालून जाते, तिच्यात त्यांची हयात गेली. होळकर-पवारांच्या मागोमाग माळव्यात येऊन पिढ्यान्‌पिढ्या येथलेच झालेल्या आपल्या घरांना हे उलट्या दिशेने जुळलेले नाते जवळचे वाटावे.

१९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने एकंदर ३८ गोल केले आणि स्वतःवर एकही होऊ दिला नाही. १९६०मध्ये रोमला अंतिम सामन्यात पाकिस्तानचा एक गोल झाला आणि भारताचे परंपरागत सुवर्णपद गेले. चार वर्षांनी, २३ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियोत तेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. मोहिंदर लाल यांच्या एका गोलावर भारत जिंकला. पण तो गोल पुरा पडला, तो मागे शंकर लक्ष्मण अचल उभे होते म्हणून. त्या काळी गोलरक्षकाच्या डोक्यावर शिरस्त्राण नसे. पायांना पॅड, हाती मोजे आणि एक स्टिक, एवढाच काय तो आधार.

जरा हिशेब मांडून पाहावा. तीन ऑलिंपिकचे तीन अंतिम सामने, तिन्ही पाकिस्तानशी, तिन्ही एका गोलाने निकाली निघालेले. या तिन्ही सामन्यांत मिळून भारतावर झालेला गोल केवळ एक! गोल करणाऱ्याच्या खात्यावर घडलेल्या गोष्टी जमा होतात. राखणाऱ्याच्या खात्यावर न घडलेल्या. आणि जे घडलेच नाही, त्याची आठवण जग फार दिवस ठेवीत नाही. रोमचा तो एक गोल मात्र सर्वांच्या स्मरणात राहतो.

तरीही मान मिळाला नाही असे नव्हे. १९६४चा अर्जुन पुरस्कार आणि १९६७ची पद्मश्री त्यांना लाभली. १९६६च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत तर ते भारताचे कर्णधार होते. गोलरक्षकाने संघाचे नेतृत्व करावे, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. आणि आशियाई स्पर्धेतील हॉकीचे पहिले सुवर्णपदक भारताला त्यांच्याच नेतृत्वाखाली मिळाले. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी मात्र त्यांची निवड झाली नाही, आणि त्यांनी खेळाचा निरोप घेतला. १९७९मध्ये सैन्यातून निवृत्त होऊन ते महूलाच राहिले.

उतारवयात हाती पैसा उरला नाही. चेंडू अडविणाऱ्या त्या पायाला कोथ झाला, आणि २९ एप्रिल २००६ रोजी महूलाच त्यांचा अंत झाला. अखेरचा निरोप लष्करी इतमामात झाला. इतमाम उचितच होता. परंतु ज्याने देशाचे दार राखले, त्याचे दार हयातीतच कोणी ठोठावावयास हवे होते. आपल्या गावातही असे एखादे वृद्ध राखणदार असतील. त्यांच्याकडे आजच जाऊन यावे.