पाठमोरा डोळा

ब्रह्मदेवाने स्वतःस चार मुखे घेतली आणि आपल्या हाताने घडविलेल्या माणसास मात्र एकच मुख, तेही एकाच दिशेचे, दिले याचे मला पुष्कळ दिवस नवल वाटत आले आहे. लग्नविधीने चतुर्भुज होणे आपणांपैकी बहुतेकांच्या वाट्यास येते. चतुर्मुख होणे कोणाच्याच नाही. पाठीमागे काय चालले आहे हे जाणण्यासाठी मनुष्यास मान वळवावी लागते, कान द्यावा लागतो, नाही तर दुसऱ्या कोणाच्या शब्दावर विश्वास टाकावा लागतो. यांतला तिसरा मार्गच आजवर अधिक चालत आला. राजाच्या मागे चवरीवाला उभा असे तो काही केवळ माशा वारण्याकरिता नसावा!

हा विचार पुन्हा मनात घोळू लागण्यास माझा पुतण्या कारण झाला. राहात्याच्या शिवारात आमची थोडी पेरूची बाग आणि थोडा ऊस आहे. गोदावरीच्या उजव्या कालव्याने या भागास पाणी दिले आणि त्या पाण्यामागोमाग ऊस व उसामागोमाग कारखाने आले. आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून ज्याची ख्याती आहे तो प्रवरानगरचा कारखाना १९५० च्या अखेरीस सुरू झाला. तो आज आमच्याच तालुक्यात मोडतो, आणि गणेशनगरचा कारखाना तर आम्हांस आणखी जवळचा. शेतीबरोबर पुतण्या ऊसवाहतुकीचा धंदा करतो. एक ट्रॅक्टर, त्यामागे दोन ट्रॉल्या, असा त्याचा संसार दिवाळीपासून होळीपर्यंत रस्त्यावर असतो. यंदा गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी त्याने मागल्या ट्रॉलीच्या शेपटाला एक कॅमेरा बसवून घेतला, आणि सुकाणूच्या चाकाशेजारी, जेथे पूर्वी उदबत्ती खोवलेली असे, तेथे हाताच्या पंज्याएवढा एक काचेचा पडदा लावला.

शहरातील वाचकांस यात विशेष असे काही वाटणार नाही. त्यांच्या मोटारींना असली सोय कारखान्यातूनच होऊन येते. युरोप-अमेरिकेत तर मोटारीमागे चाकांवरचे घर जोडून सहलीस निघण्याची प्रथा आहे. त्या घरात निजावयास गाद्या, रांधावयास शेगडी, आणि पाठीमागे कॅमेरा. ते पाहून आपल्याकडील माणसास त्या लोकांच्या हौसेचे कौतुक वाटते. परंतु चाकांवरचे घर आमच्याही मुलखात आहे, आणि ते हौसेने निघत नाही. दसरा झाला की बीड जिल्ह्यातून, पाथर्डीकडून, ऊसतोडीची कुटुंबे आमच्या भागात येतात ती याच ट्रॉल्यांत बसून. ताडपत्री, हंडे-कळशा, पिठाचे डबे, एखादी शेळी, खुराड्यातल्या कोंबड्या, म्हातारी माणसे आणि पोरे, असे सारे घर त्या लोखंडी पेटीत रचलेले असते. नवरा आणि बायको मिळून एक कोयता मोजला जातो. हत्याराच्या नावाने माणसे मोजण्याची ही रीत मला अद्याप पचनी पडलेली नाही. येथे पोहोचल्यावर पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात, ट्रॉली रिकामी होते, आणि काल जी घर होती ती आज उसाची गाडी होते.

लेकरांच्या लेखी मात्र ती घरच राहते. आई पहाटे फडात उतरते; तान्ह्याला कोपीत कोणापाशी ठेवणार? ती त्याला बरोबर आणते. उसाच्या फडात, जेथे तोड झाली तेथे झाड म्हणून नसते, आणि सावली एकच असते ती ट्रॉलीची. मग ट्रॉलीच्या पोटाखाली, दोन आसांच्या मध्ये, जुन्या लुगड्याची झोळी बांधली जाते. गेल्या हंगामात एके दुपारी गाडी भरून झाली, पुतण्याने ट्रॅक्टर सुरू केला, आणि रुतलेले चाक सोडविण्यासाठी तो हातभर मागे घेणार इतक्यात मुकादमाने आरोळी ठोकली. झोळी तशीच बांधलेली होती, आणि तिच्याहून मोठी अशी एक तीन वर्षांची पोर मागल्या चाकाला टेकून उसाचे कांडे चोखीत बसली होती. काही झाले नाही. पुतण्या त्या रात्री जेवला नाही, आणि आमच्या वहिनींनी कारण विचारले तेव्हा पोट दुखते असे म्हणाला. कॅमेऱ्याची गोष्ट त्याने काढली ती त्यानंतर तीन दिवसांनी.

गाडी मागे घेणे ही कला किती अवघड आहे याची कल्पना पांढरपेशा वर्गास सहसा नसते. ट्रॉलीचे शेपूट डावीकडे न्यावयाचे तर सुकाणू आरंभी उजवीकडे वळवावे लागते. हात एक सांगतात आणि गाडी दुसरेच ऐकते. दोन ट्रॉल्या जोडलेल्या असताना तर मागे येण्याच्या भानगडीत शहाणा माणूस पडतच नाही. एक सोडून ठेवतो, दुसरी नेमक्या जागी लावतो, मग पहिलीला हात घालतो. माझ्या लहानपणी हा प्रश्नच वेगळ्या रीतीने सुटे. बैल उलट पावली चालण्यास मुळीच राजी नसतात. तेव्हा गाडीवानाला खाली उतरावे लागे, जुवापुढे उभे राहून बैलांच्या तोंडावर हात ठेवून त्यांना चुचकारीत रेटावे लागे, आणि एवढा खटाटोप करताना गाडीखाली काय आहे हे त्याच्या दृष्टीस आपोआप पडे. ट्रॅक्टरने उतरण्याची गरज नाहीशी केली. तिची भरपाई म्हणून क्लीनर आला. तो मागे उभा राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ असा सूर धरी आणि पत्र्यावर थाप मारून ‘बास’ म्हणे. त्या एका थापेवर किती जीव विसंबून असत! पुढे क्लीनरचा पगार परवडेना, आणि पुष्कळ गाड्यांवरून तो सूर हरपला.

कॅमेरा बसविण्याचा दिवस मी मुद्दाम रविवारचा धरून ठेवला होता. राहात्यातील एका वायरिंगवाल्याच्या दुकानापुढे आम्ही सकाळी नऊ वाजता ट्रॉली उभी केली आणि दिवेलागणीस परत निघालो. प्रथम वाद झाला तो जागेवरून. मोटारीत कॅमेरा नंबराच्या पाटीवर बसतो. येथे मागल्या फळक्यावर तो लावावा तर भरलेला ऊस बाहेर ओसंडतो आणि कारखान्यात मोळ्या उचलताना साखळीचा एक झोका त्याचे पीठ करील. शेवटी चॅसीच्या मागल्या आडव्या पट्टीस, उसाच्या खाली, तो बसविला आणि चिखलापासून व दगडापासून रक्षण व्हावे म्हणून त्याभोवती लोखंडी पट्ट्यांचा एक पिंजरा वेल्ड केला. दुसरी अडचण तारेची. ट्रॅक्टरपासून शेवटच्या टोकापर्यंत तार दोन ठिकाणी हुकावरून जाते, आणि वळणावर तेथे ताण पडतो. म्हणून प्रत्येक सांध्याशी पुरेशी सैल वळी सोडली आणि काढता-घालता येईल अशी पिन जोडली. बिनतारी कॅमेराही मिळतो. परंतु एवढे लोखंड आणि एवढा ऊस मध्ये असताना त्याच्या भरवशावर राहू नये, असे त्या कारागिराचे मत पडले आणि मला ते पटले.

तिसरी गोष्ट मात्र मोठी मौजेची. पडदा उजळला तेव्हा चित्र नीट दिसत होते, पण त्यातील डावे ते उजवीकडे गेले होते. मागे वळून पाहणाऱ्यास जग जसे दिसते तसे ते चित्र होते, आणि चालकास हवे असते ते आरशातले जग. कारागिराने कॅमेऱ्याच्या शेपटीतील एक बारीकशी तार कात्रीने तोडली मात्र, आणि चित्र उलटून योग्य जागी आले. सत्य जसेच्या तसे दाखविले तर चालक खड्ड्यात जातो, आणि उलटे करून दाखविले तर नीट रस्त्यावर राहतो, हा सिद्धांत तर्कशास्त्राच्या वर्गात मांडण्याचे धैर्य मला होणार नाही.

यंत्रविद्येच्या इतिहासात ही कल्पना तशी जुनी आहे. १९५६ साली अमेरिकेतील ब्यूइक कंपनीने ‘सेंच्युरियन’ नावाची एक नमुन्याची मोटार प्रदर्शनात मांडली होती. तिला आरसे नव्हते, पाठीमागे दूरचित्रवाणीचा कॅमेरा होता आणि चालकापुढे पडदा. लोकांनी ती पाहिली आणि ते घरी गेले. १९९१ साली जपानात टोयोटाच्या सोअरर गाडीत ही सोय विक्रीस आली, तीही श्रीमंतांची चैन म्हणून. चैनीचा कायदा झाला तो एका बालकामुळे. २००२ साली अमेरिकेत एका डॉक्टर बापाने रात्री आपल्याच घरापुढे गाडी मागे घेतली आणि त्याचा दोन वर्षांचा मुलगा तिच्याखाली सापडला. त्या मुलाचे, कॅमेरनचे, नाव धारण करणारा कायदा २००८ साली मंजूर झाला. तथापि नव्या हलक्या गाड्यांस मागला कॅमेरा सक्तीचा व्हावयास २०१८ चा मे महिना उजाडला. आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना, मागे अडथळा असल्यास सूचना देणारे यंत्र आवश्यक झाले. फडातल्या ट्रॉलीपर्यंत हा नियम पोहोचलेला नाही. तिच्या बाबतीत कायद्याचे काम मुकादमाच्या आरोळीने करावयाचे.

मी मात्र पुतण्यास एक अट घातली होती. कॅमेऱ्यास पैसे देण्यापूर्वी दोन्ही ट्रॉल्यांस मागे व बाजूंना लाल-पिवळ्या चकाकत्या पट्ट्या लावून घ्यावयाच्या. नगर–मनमाड रस्त्याने रात्री ज्यांनी प्रवास केला आहे त्यांस कारण सांगावयास नको. शिर्डीस जाणाऱ्या मोटारी धावत असतात, कडेने पायी जाणारे भक्त असतात, आणि काळोखात, शेपटावर एकही दिवा नसलेला उसाचा डोंगर पुढे सरकत असतो. कॅमेऱ्याने आपणास इतर दिसतील. आपण इतरांस दिसणार नाही. पट्ट्यांचा खर्च कॅमेऱ्याच्या मानाने काहीच नाही, आणि कदाचित म्हणूनच त्या राहून जातात.

आता हंगाम निम्म्याहून अधिक सरला आहे. मध्यंतरी एकदा उंदरांनी तार कुरतडली. एकदा भिंगावर चिखल बसून दोन दिवस नुसता तांबूस अंधार दिसत होता. बाकी यंत्र चोख आहे. एक गोष्ट मात्र मला त्याच्याशेजारी बसून खेप पाहिल्यावाचून कळली नसती. कॅमेरा खाली बसविल्यामुळे अगदी जवळ आलेल्या माणसाचे त्यात केवळ पाय दिसतात. भेगाळलेल्या टाचा, जोडवी, एका पायात निळी व दुसऱ्यात तांबडी अशी चप्पल, आणि मधूनच इवलीशी अनवाणी पावले. आठ वर्षे हा धंदा करूनही मागे उभी राहणारी माणसे पुतण्यास मोळ्या चढविणाऱ्या हातांपुरतीच ठाऊक होती. आता तो पायांवरून माणूस ओळखतो. “काका, ती बघा, निळी-तांबडी. तिची आई पलीकडच्या सरीत आहे,” असे तो मला म्हणाला, आणि ट्रॅक्टर बंद करून खाली उतरला.

कारण ट्रॉलीच्या पोटाखालचे या डोळ्यास दिसत नाही. झोळी जेथे बांधतात ती जागा कॅमेऱ्याच्या पुढे येते, मागे नाही, हे त्या रविवारीच मी वाकून पाहिले होते आणि त्याच्या ध्यानात आणून दिले होते. म्हणून तो मागे येण्यापूर्वी अजूनही उतरतो, गाडीला एक फेरी घालतो, वाकून पाहतो आणि पत्र्यावर थाप मारतो. क्लीनर होता तेव्हा हे त्यास करावे लागत नसे. एवढे यंत्र घेऊन पुन्हा पायउतार व्हावे लागते याचा त्याला प्रथम थोडा रागही आला होता. फडातील मुलांनी या फेरीचा आता खेळ केला आहे. तो उतरला की ती त्याच्यामागून ओळीने चालतात आणि त्याच्यासारखीच पत्र्यावर थाप मारतात.

फेब्रुवारी संपत आला. आणखी महिन्याभरात पट्टा पडेल, कोप्या मोडतील, आणि ट्रॉलीवर पुन्हा हंडे-कळशा चढतील. कारखान्याचे बिल हाती आले की दुसऱ्या ट्रॉलीसही कॅमेरा लावण्याचा पुतण्याचा बेत आहे. पावसाळ्यात तो उघड्यावर राहू नये म्हणून पहिला काढून माळ्यावर ठेवण्याबद्दल मी त्यास सुचविले. ठेवू, पण माणसे गावी पोचवून आल्यावर, असे तो म्हणाला.